म्हातारपण, अनियमित ठोके आणि कमजोर किडनी: रक्त पातळ करणारी गोळी ठरवायची कशी आणि सांभाळायची कशी

घरात ऐंशीच्या आसपासचं कोणी असेल, ईसीजीमध्ये एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजार) निघालं असेल आणि रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनही (किडनी कमजोर झाली की रक्तात वाढणारा घटक) वाढलेलं असेल तर घरच्यांची खरंच कोंडी होते. हृदयाचे डॉक्टर म्हणतात गोळी चालू करा नाहीतर लकवा मारेल, दुसरं कोणीतरी म्हणतं या वयात रक्त पातळ केलं आणि पडले तर काय, किडनीचे डॉक्टर म्हणतात डोस जपून द्या, आणि शेवटी गोळी अर्धी होते किंवा बंदच होते. आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं तसं खरं आहे, कारण किडनी कमजोर असली की गुठळी होण्याचा धोकाही वाढतो आणि रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. म्हणून इथे अंदाजाने चालत नाही, वय वजन आणि क्रिएटिनिन घेऊन आकडा काढावा लागतो, आणि तो आकडा बदलला की डोसही पुन्हा तपासावा लागतो. एकदा लिहून दिलेला डोस कायमचा, असं या औषधांचं नसतं.

खाली जे लिहितोय ते घरच्यांनी डॉक्टरांसमोर बसण्याआधी वाचावं म्हणून. औषध चालू, बंद किंवा कमी-जास्त करायचं ते डॉक्टरांनीच, पण प्रश्न कोणते विचारायचे हे तुम्हाला माहीत असलं तर खूप फरक पडतो.

पायरी १: गोळीची गरज आहे का

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात, त्यामुळे डाव्या वरच्या कप्प्याला जो छोटा पिशवीसारखा भाग असतो तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती सुटली की थेट मेंदूत जाते. या आजारात लकव्याचा धोका साधारण पाच पट होतो. आणि असा लकवा बहुतेक वेळा मोठा असतो, माणूस अंथरुणाला खिळतो.

धोका मोजायला डॉक्टर एक स्कोअर वापरतात, बोलताना चॅड्स-व्हॅस्क म्हणतात. हार्ट फेल्युअर १, ब्लडप्रेशर १, डायबेटिस १, आधी हार्ट अटॅक किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर १, वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ किंवा जास्त असेल तर २, आणि आधी लकवा किंवा मिनी स्ट्रोक झाला असेल तर २. पूर्वी बाई असण्याचा १ धरायचे, युरोपच्या २०२४ च्या गाईडलाईनमध्ये तो काढून टाकलाय. २ किंवा जास्त आला तर गोळी द्यावी असा सल्ला असतो, १ असेल तर विचार करून ठरवतात. म्हणजे बघा, ७५ ओलांडलेल्या माणसाचे नुसत्या वयाचेच २ होतात, त्यामुळे या वयात 'गरज आहे का' हा प्रश्न जवळपास सुटलेलाच असतो, खरा प्रश्न असतो कोणती आणि किती.

इथे तीन गोष्टींमुळे लोक अडकतात.

एक, ठोके कधीतरीच बिघडतात, आता नॉर्मल आहेत, मग कशाला गोळी. अधूनमधून येणाऱ्या फिब्रिलेशनमध्येही गुठळी होते, निर्णय स्कोअरवर होतो. अॅब्लेशन (ठोके बिघडवणारा हृदयातला भाग निकामी करण्याचा उपचार) झालं तरी तेच, ठोके जागेवर आले म्हणून गोळी आपोआप बंद होत नाही.

दुसरं, अॅस्पिरिन देऊ, ती साधी आहे. नाही. हा समज फार घट्ट बसलाय आणि फार नुकसान करतो. २००७ मध्ये ७५ च्या वरच्या पेशंटमध्ये वॉर्फरिन (रक्त पातळ करणारी जुनी गोळी) आणि अॅस्पिरिनची तुलना झाली, लकवा टाळण्यात वॉर्फरिन खूप पुढे आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच. २०११ मध्ये अॅपिक्साबॅन (नवीन गटातली गोळी) आणि अॅस्पिरिनच्या तुलनेतही तेच चित्र दिसलं. म्हणजे अॅस्पिरिन देऊन धोका बऱ्यापैकी तसाच राहतो आणि मनाला मात्र वाटतं की काहीतरी दिलंय.

तिसरं, पडण्याची भीती. ही भीती खोटी नाही, डोक्याला मार लागला तर आत रक्त साचू शकतं. पण १९९९ मध्ये एका अभ्यासात हिशोब मांडला होता की वॉर्फरिनचा फायदा निव्वळ पडण्यामुळे पुसला जायला माणसाला वर्षात साधारण २९५ वेळा पडावं लागेल. तो कागदावरचा हिशोब आहे, वारंवार डोक्यावर पडणाऱ्या माणसाला तो जसाच्या तसा लागू होत नाही, पण दिशा कळते. पडतात म्हणून गोळी बंद करण्याआधी कशामुळे पडतात ते शोधा: उभं राहिल्यावर बीपी घसरतंय का, झोपेची गोळी चालू आहे का, रात्री बाथरूमच्या वाटेवर उजेड आहे का, चष्म्याचा नंबर कधी तपासलाय.

पायरी २: रक्तस्रावाचा धोका बघायचा, पण तो कमी करण्यासाठी

यालाही स्कोअर आहे, हॅस-ब्लेड. त्यात ३ किंवा जास्त आले की धोका जास्त. पण स्कोअर जास्त आला म्हणून गोळी नाकारायची असा त्याचा वापर करू नये. त्यातल्या ज्या गोष्टी हातात आहेत त्या सुधारायच्या: वरचं बीपी १६० च्या वर राहत असेल तर आधी ते खाली आणा, दारू बंद करा, दुखण्याच्या गोळ्या थांबवा, उगाच चालू असलेली अॅस्पिरिन काढून टाका. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते का कमी आहे हे गोळी चालू करण्याआधीच शोधलेलं बरं, पोटात अल्सर किंवा आतड्यात काही असेल तर गोळीवर ते रक्त गळायला लागतं. पूर्वी पोटातून रक्त गेलं असेल तर अॅसिडिटीची गोळी सोबत द्यायची का ते विचारा, ओमेप्राझोल पॅन्टोप्राझोलच्या गटातली.

पायरी ३: किडनीचा बरोबर आकडा काढा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून जरा सविस्तर.

लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर म्हणून किडनी किती काम करते याचा एक आकडा छापून येतो. बरेच जण, कधीकधी डॉक्टरसुद्धा घाईत, तोच बघून डोस ठरवतात. पण तो आकडा एका ठरावीक शरीराच्या आकाराला धरून काढलेला असतो, समोरचा माणूस ४५ किलोचा आहे की ९० किलोचा हे त्यात येत नाही. या नवीन गोळ्यांच्या मोठ्या ट्रायल ज्या झाल्या त्यात डोस क्रिएटिनिन क्लिअरन्सवर (किडनी किती साफ करते याचा दुसरा आकडा) ठरवले होते, कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचा १९७६ चा फॉर्म्युला वापरून, आणि त्यात वजन असतं.

फॉर्म्युला असा. १४० मधून वय वजा करा. त्याला किलोमधल्या वजनाने गुणा. मग क्रिएटिनिनला ७२ ने गुणून जे येईल त्याने भागा. बाई असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा. क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये असेल तर आधी ८८.४ ने भागून घ्या.

एक उदाहरण घेऊ. आजी, वय ८२, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन १.२. लोक म्हणतील १.२ म्हणजे थोडंसंच वाढलंय. १४० वजा ८२ म्हणजे ५८, गुणिले ४८ म्हणजे २७८४. खाली ७२ गुणिले १.२ म्हणजे ८६.४. भागाकार साधारण ३२, बाई म्हणून ०.८५ ने गुणलं की २७. आता याच आजींच्या रिपोर्टवर छापील ईजीएफआर ४५ च्या आसपास येईल. ४५ बघून एक डोस ठरतो आणि २७ बघून वेगळाच ठरतो, एखादी गोळी तर २७ ला बऱ्याच देशांत द्यायचीच नाही असं आहे. बारीक अंगाच्या म्हाताऱ्या माणसात स्नायू कमी असतात म्हणून क्रिएटिनिन कमी दिसतं आणि किडनी आहे त्यापेक्षा बरी वाटते.

वजन खरं घ्या, मागच्या वर्षी फाईलवर लिहिलेलं नको, त्या दिवशी काट्यावर उभं करून. आणि पायाला सूज असेल तर ती उतरल्यावरचं वजन जास्त खरं. आजारी असताना हॉस्पिटलमध्ये आलेलं क्रिएटिनिन कायमचा आकडा धरू नका, दोनेक आठवड्यांनी पुन्हा करून घ्या.

पायरी ४: कोणती गोळी

पहिला प्रश्न व्हॉल्वचा. हृदयात धातूचा व्हॉल्व बसवलेला असेल, किंवा मायट्रल व्हॉल्व मध्यम किंवा जास्त अरुंद झालेला असेल (लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापानंतर होतो तो), तर वॉर्फरिन किंवा त्याच गटातलं असेनोकुमारॉल हेच औषध, नवीन गोळ्या नाहीत. धातूच्या व्हॉल्वमध्ये डॅबिगॅट्रॅन या नवीन गोळीची ट्रायल २०१३ मध्ये मध्येच थांबवावी लागली होती, गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त. ऱ्हुमॅटिकवाल्यांमध्ये २०२२ च्या ट्रायलमध्ये रिव्हारॉक्साबॅनपेक्षा जुनं औषधच सरस ठरलं. त्यामुळे इको (हृदयाची सोनोग्राफी) झालेला नसेल तर गोळी निवडण्याआधी तो करून घ्या.

व्हॉल्वचं काही नसेल तर बहुतेकांना नवीन गटातली गोळी देतात, कारण मेंदूतला रक्तस्राव वॉर्फरिनच्या मानाने साधारण निम्मा होतो, आणि म्हाताऱ्या माणसात आपल्याला सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. चार आहेत आणि किडनीच्या बाबतीत चौघींचा स्वभाव वेगळा.

डॅबिगॅट्रॅन जवळजवळ ८० टक्के किडनीतून बाहेर जाते. किडनी ढेपाळली की ती अंगात साचत जाते. एडॉक्साबॅन साधारण निम्मी, रिव्हारॉक्साबॅन साधारण एक तृतीयांश, आणि अॅपिक्साबॅन सगळ्यात कमी, २७ टक्क्यांच्या आसपास. पोटातून रक्त जाण्याचं प्रमाणही अॅपिक्साबॅनमध्ये वॉर्फरिनपेक्षा वाढलं नाही, बाकी तिघींच्या पूर्ण डोसला वाढलेलं दिसलं. म्हणून वय जास्त आणि किडनी कमजोर असं दोन्ही असेल तर माझंही मत अॅपिक्साबॅनकडे झुकतं, आणि बहुतेक डॉक्टरही तिकडेच जातात. तोटा एकच, दिवसातून दोनदा घ्यावी लागते, आणि जिथे गोळी द्यायला माणूस दिवसातून एकदाच येतो तिथे दोनवेळची गोळी अर्धी राहून जाते, मग एकवेळची बरी.

वॉर्फरिन वाईट औषध नाहीये. पण किडनी कमजोर असली की त्याचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) २ ते ३ मध्ये राहायला त्रास होतो, डोस कमी लागतो, आणि आयएनआर फार वर गेला तर किडनीलाही इजा होऊ शकते. तरी एक गोष्ट आवर्जून सांगतो: जे वयस्कर आणि थकलेले पेशंट वर्षानुवर्षं वॉर्फरिनवर नीट आहेत त्यांना निव्वळ नवीन आहे म्हणून बदलायची घाई करू नका. २०२३ मध्ये नेदरलँड्समध्ये अशाच पेशंटवर ट्रायल झाली, बदललेल्या गटात रक्तस्राव जास्त झाला. आयएनआर सतत वरखाली होत असेल तर बदलणं योग्य, आणि तेव्हा वॉर्फरिन बंद करून आयएनआर खाली आल्यावरच नवीन चालू करायची, अॅपिक्साबॅन आणि डॅबिगॅट्रॅनला २ च्या खाली. दोन्ही एकत्र चालू राहिल्या तर फार धोक्याचं.

पायरी ५: डोस

अॅपिक्साबॅन: ५ मिग्रॅ दोनदा. तीन गोष्टी बघायच्या, वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. यातल्या दोन असतील तरच २.५ दोनदा. एकच असेल तर पूर्ण डोस. बऱ्याच देशांत क्लिअरन्स १५ ते २९ असेल तरी २.५ देतात.

रिव्हारॉक्साबॅन: २० एकदा, क्लिअरन्स ५० च्या खाली असेल तर १५. जेवणासोबतच, रिकाम्या पोटी घेतली तर अंगात नीट शोषलीच जात नाही.

एडॉक्साबॅन: ६० एकदा, क्लिअरन्स ५० किंवा खाली, किंवा वजन ६० किंवा कमी, किंवा काही ठरावीक औषधं सोबत असतील तर ३०.

डॅबिगॅट्रॅन: १५० दोनदा, बऱ्याच देशांत वय ८० किंवा जास्त असेल तर ११० दोनदा, आणि क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर द्यायचीच नाही. अमेरिकेत क्लिअरन्स १५ ते ३० ला ७५ दोनदा असा डोस आहे.

आपल्या ८२ वर्षांच्या आजींना अॅपिक्साबॅन द्यायची तर वय आणि वजन अशा दोन गोष्टी लागू, म्हणून २.५ दोनदा. रिव्हारॉक्साबॅन असेल तर १५, एडॉक्साबॅन ३०, डॅबिगॅट्रॅन नकोच.

आता दुसरे एक आजोबा घ्या, वय ७८, वजन ७२ किलो, क्रिएटिनिन १.७. क्लिअरन्स येतो साधारण ३६. रिव्हारॉक्साबॅनचा डोस १५ होईल. पण अॅपिक्साबॅन? वय ८० नाही, वजन ६० च्या वर, फक्त क्रिएटिनिन लागू. म्हणजे ५ दोनदा, पूर्ण डोस. अशा पेशंटला सर्रास २.५ लिहिली जाते, 'किडनी खराब आहे ना, सांभाळून देऊ'. नियमात बसत नसताना डोस कमी केला तर रक्तस्राव कमी होईलच असं नाही, लकव्याचं संरक्षण मात्र ढिलं पडतं. मला या विषयात सगळ्यात जास्त कळवळून सांगायचं असेल तर हेच. डॉक्टरांना सरळ विचारा, 'डोस कमी का, कोणत्या नियमाने?' चांगला डॉक्टर यावर चिडत नाही. उत्तर असेल तर ते देतो, नसेल तर पुन्हा बघतो.

एक अपवाद सांगायला हवा. जपानमध्ये ८० च्या वरच्या, ज्यांना कोणताच नेहमीचा डोस झेपणार नाही अशा पेशंटमध्ये एडॉक्साबॅन १५ एकदा देऊन बघितली होती, २०२० मध्ये निकाल आला, लकवा बराच कमी झाला. म्हणजे अगदीच नाजूक माणसासाठीही 'काहीच नाही' हा एकमेव मार्ग नाही, डॉक्टरांशी बोलता येतं.

डायलिसिस चालू असेल तर गोष्ट वेगळी. मोठ्या ट्रायलमध्ये असे पेशंट घेतलेच नव्हते, नंतर ज्या झाल्या त्या लहान होत्या आणि ठाम काही सांगू शकल्या नाहीत. डायलिसिसमध्ये वॉर्फरिनने रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचून कातडीला भयंकर दुखणाऱ्या जखमा होण्याचा एक दुर्मिळ पण गंभीर प्रकार आहे. काही डॉक्टर अॅपिक्साबॅन देतात, काही काहीच देत नाहीत, दोन्हीला कारणं आहेत. अशा वेळी हृदयाचे आणि किडनीचे डॉक्टर यांना एकमेकांशी बोलायला लावा, तुम्ही मध्ये चिठ्ठ्या वाहत बसू नका.

पायरी ६: बाकीच्या औषधांचा डबा उघडा

सगळी औषधं, बाटल्या, मलम, काढे, पावडरी एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या.

दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, या बंद. रक्तस्रावही वाढवतात आणि किडनीही बिघडवतात, म्हणजे दोन्हीकडून मार. गुडघेदुखीला पॅरासिटामॉल चालते, वॉर्फरिनवर असाल आणि रोज बरेच दिवस घ्यायची असेल तर आयएनआर लवकर तपासा.

अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर कशासाठी आणि कधीपर्यंत, हे विचारा. स्टेंट बसवल्यावर काही महिने लागते, पण साधारण वर्षभरानंतर, हृदय स्थिर असेल तर बहुतेकांना एकटी रक्त पातळ करणारी गोळी पुरते. बंद करायची तारीख फाईलवर लिहून घ्या, नाहीतर कोणीच बंद करत नाही आणि पुढची पाच वर्षं दोन्ही चालू राहतात.

क्लॅरिथ्रोमायसिन, फंगसवरची केटोकोनॅझोल इट्राकोनॅझोल, ठोक्यांसाठीची व्हेरापॅमिल, डिल्टियाझेम, अॅमिओडॅरोन यांनी गोळीचा परिणाम वाढू शकतो. उलट टीबीवरची रिफॅम्पिसिन आणि फिटवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांनी इतका कमी होतो की गोळी घेऊन न घेतल्यासारखं. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही रक्तस्राव थोडा वाढतो. वॉर्फरिनची यादी तर फार मोठी, कोणतंही अँटिबायोटिक चालू केलं की चार-पाच दिवसांत आयएनआर करा.

आणि एक बारीक गोष्ट. डिस्चार्जच्या कागदावर एक ब्रँड, घरी आधीची पट्टी दुसऱ्या ब्रँडची, आत औषध तेच. दोन्ही घेतल्या जातात. किंवा वॉर्फरिन चालू असताना दुसऱ्या डॉक्टरने अॅपिक्साबॅन लिहिलेली असते. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं मूळ नाव वाचा, मोठ्या अक्षरातलं नाही.

पायरी ७: रोजचं घेणं

नवीन गोळ्यांचा असर साधारण बारा ते चोवीस तासांत उतरतो. वॉर्फरिनचा एक डोस चुकला तर काही दिवस तग धरतो, इथे तसं नाही. म्हणून वेळ पक्की ठेवा, मोबाईलवर अलार्म, आणि गोळी संपायच्या आठवडाभर आधी नवीन पट्टी घरात.

चुकली तर? दोनवेळची असेल तर सहा तासांच्या आत आठवली की घ्या, त्यानंतर सोडून द्या आणि पुढची वेळेवर. एकवेळची असेल तर बारा तासांपर्यंत. दोन एकदम कधीच नाही. घेतली की नाही हेच आठवत नसेल, आणि गोळी दोनवेळची असेल, तर पुन्हा घेऊ नका, पुढच्या वेळेची थांबून घ्या. हा प्रश्न आठवड्याच्या कप्प्यांच्या डब्याने सुटतो, फक्त डॅबिगॅट्रॅन त्या डब्यात काढून ठेवायची नाही, तिला दमट हवा चालत नाही, मूळ पॅकमध्येच. ती कॅप्सूल उघडायचीही नाही, उघडली तर औषध अंगात फार जास्त शोषलं जातं. बसून भरपूर पाण्यासोबत घ्यायची नाहीतर अन्ननलिकेला जळजळ होते. गिळायला त्रास असेल तर अॅपिक्साबॅन किंवा रिव्हारॉक्साबॅनची पूड करून देता येते, रिव्हारॉक्साबॅन मात्र लगेच जेवणासोबत.

वॉर्फरिनवर असाल तर पालेभाज्या बंद करायची गरज नाही, दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खा म्हणजे झालं. नवीन गोळ्यांना तेही बंधन नाही.

पायरी ८: तपासण्या कधी

नवीन गोळ्यांना आयएनआर लागत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं तपासणीच लागत नाही. किडनीची लागते. एक सोपा नियम आहे: क्लिअरन्सला १० ने भागा, तेवढ्या महिन्यांनी तपासा. ४० असेल तर चार महिन्यांनी, २७ असेल तर तीन महिन्यांच्या आतच. ७५ च्या वर किंवा थकलेला पेशंट असेल तर आकडा चांगला असला तरी सहा महिन्यांच्या वर जाऊ नका. सोबत हिमोग्लोबिन आणि लिव्हर, आणि प्रत्येक वेळी वजन. तेव्हा फॉर्म्युला पुन्हा मांडा. ज्या दिवशी ८० वा वाढदिवस होतो किंवा वजन ६० च्या खाली उतरतं त्या दिवसापासून नियम बदलू शकतो हे लक्षात ठेवा.

जुलाब, उलट्या, ताप, जेवण-पाणी बंद, असं दोन दिवस चाललं तर वाट न बघता क्रिएटिनिन करा. म्हातारी किडनी पाणी कमी पडल्यावर दोन-तीन दिवसांत खाली येते आणि औषध साचायला लागतं. त्याच वेळी लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या आणि बीपीच्या काही गोळ्या चालू असतात, त्या काही दिवस थांबवायच्या का हे फोन करून विचारा, आधीच विचारून ठेवलं तर उत्तम.

पायरी ९: दात, ऑपरेशन, दुर्बीण

एखादा दात काढायला बहुतेक वेळा गोळी बंद करावी लागत नाही, फार तर सकाळची उशिरा घेतात, मोतीबिंदूलाही सहसा नाही. मोठं नसलेलं ऑपरेशन असेल तर नवीन गोळी साधारण एक दिवस आधी बंद, जास्त रक्तस्रावाचं असेल तर दोन दिवस आधी, आणि डॅबिगॅट्रॅन असून किडनी कमजोर असेल तर चार दिवसांपर्यंत, कारण ती हळू उतरते. मधल्या काळात पोटावर हेपॅरिनची (रक्त पातळ करणारी) इंजेक्शनं नवीन गोळ्यांना लागत नाहीत. 'आठवडाभर बंद करा' असं कोणी सहज म्हटलं तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आणि बंद कधी हे विचारता तसं पुन्हा चालू कधी हेही विचारा.

पायरी १०: रक्त दिसलं तर

नाकातून आलं तर पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरा, मध्येमध्ये सोडून बघू नका. थांबलं नाही तर हॉस्पिटल. हिरड्यांतून थोडं, हातावर निळे डाग, हे चालतं, पुढच्या भेटीत सांगा, स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

डांबरासारखी काळी चिकट शौच, लघवीत रक्त, उलटीत रक्त, अचानक दम आणि थकवा, ही त्याच दिवशी जायची लक्षणं. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची नसते, शंका असेल तर दाखवाच. डोक्याला मार लागला तर माणूस हसत-बोलत असला तरी हॉस्पिटलमध्ये न्या, सीटी स्कॅन करायचा का ते तिथे ठरेल, रक्त हळूहळू साचतं आणि लक्षणं काही तासांनी, कधी काही दिवसांनी येतात.

तोंड वाकडं, हात उचलेना, बोलणं अडखळतंय, हे दिसलं तर एक मिनिटही घालवू नका. आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य: कोणती गोळी, किती, आणि शेवटची कधी घेतली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल का हे त्यावर ठरतं. रक्तस्राव असेल तरी हीच माहिती लागते, वॉर्फरिनला व्हिटॅमिन के आणि क्लॉटिंग फॅक्टर (रक्त गोठवणारे घटक) देतात, डॅबिगॅट्रॅनला इडारुसिझुमॅब नावाचा उतारा आहे आणि ती डायलिसिसने काढताही येते, बाकी तिघी डायलिसिसने फारशा निघत नाहीत. म्हणून एक कार्ड बनवा: गोळीचं मूळ नाव, डोस, वेळा, वजन, शेवटचं क्रिएटिनिन आणि त्याची तारीख. एक पेशंटच्या खिशात, एक फ्रिजवर, एक फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये.

मोठा रक्तस्राव होऊन गेला की घरचे घाबरून म्हणतात आता ही गोळी नकोच, आणि ते समजण्यासारखं आहे. पण कारण सापडून त्यावर इलाज झाला असेल, समजा अल्सर होता आणि तो बंद केला, तर बऱ्याच पेशंटना आठवड्या-दोन आठवड्यांत गोळी पुन्हा सुरू करता येते. जिथे खरंच देता येणार नाही तिथे डाव्या कप्प्यातली ती पिशवी मांडीतल्या शिरेतून उपकरण नेऊन बंद करण्याचा पर्याय आहे, त्यानंतरही काही काळ सौम्य औषधं लागतात, पण आयुष्यभराची गोळी टळू शकते. हॉस्पिटलमधून घरी जाताना डिस्चार्जच्या कागदावर तीनपैकी एक गोष्ट स्पष्ट लिहून मागा: गोळी अमुक तारखेला सुरू करा, किंवा अमुक तारखेला येऊन ठरवू, किंवा या कारणाने कायमची बंद. नुसतं 'होल्ड' लिहिलेलं असेल तर खुर्चीवरून उठू नका.